ते वाक्य कोर्टाचं नव्हतं

हयातीच्या दाखल्यासाठी मी बँकेत बसलो होतो. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा ओळखत नाही. काउंटरवरची मुलगी सारखी म्हणत होती, "दादाजी, फिर से लगाइए, थोड़ा दबाकर." मी दाबत होतो, आणि मी जिवंत आहे हे त्या यंत्राला काही पटत नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बैहरच्या कोर्टात वकिली करणारा आमचा एक जुना विद्यार्थी बोलत होता. "सर, रामटेके सर नहीं रहे... सुबह, नींद में." मी "हो का" एवढंच म्हणालो आणि पुन्हा अंगठा ठेवला. या वेळी यंत्रानं तो घेतला. मुलगी हसून म्हणाली, "हो गया, दादाजी." मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि रस्त्यावर आलो. घरी जायचं की रामटेकेच्या, म्हणजे आमच्या दिनकरच्या घरी, हे कळायलाच मला वेळ लागला. त्याच्या घरी मी निकडीशिवाय जात नसे, आणि आता निकड काय होती?

प्राध्यापक दिनकर रामटेके यांना जाऊन आता काही आठवडे झाले. वैनगंगेच्या काठी त्रिशरण-पंचशील झालं, माणसं पांगली. नंतर कॉलेजात शोकसभा झाली. बालाघाटच्या लॉ कॉलेजात आम्ही दोघांनी उभी नोकरी काढली. तो शेवटपर्यंत प्राध्यापकच राहिला, मी प्राचार्य होऊन निवृत्त झालो. शोकसभेत हल्लीचे प्राचार्य बोलले. ते त्याचेच विद्यार्थी, मनापासून बोलले. म्हणाले, "सर से जीवन में एक ही चूक हुई, जबलपुर वाली. पर उसी चूक ने उन्हें इतना बड़ा शिक्षक बनाया." सभेत मंद हसू पसरलं, प्रेमाचं. ती गोष्ट आमच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या विद्यार्थ्यालाही पहिल्या महिन्यात कुणीतरी ती सांगतंच. त्याच्या लेखांचा एक संग्रह निघणार असल्याचंही त्यांनी जाहीर केलं, आणि जबलपूरचा निबंध "सर के सम्मान में" वगळणार असल्याचंही. मग मला बोलायला उभं केलं. मी त्याच्या साधेपणावर बोललो, सायकलवर बोललो, पानाच्या आवडीवर बोललो. जबलपूरबद्दल बोललो नाही. खाली बसलो तेव्हा शेजारच्यानं माझ्या हातावर हात ठेवला. त्याला वाटलं, मला हुंदका आवरत नाही.

ती चूक दिनकरची नव्हती. माझी होती. हे मी आता लिहितो आहे, कारण तो निबंध वगळला तर ते खोटं कायमचं पक्कं होईल. पण आधी तो कसा माणूस होता ते सांगायला हवं, नाहीतर त्या चुकीचा नीट अर्थच लागणार नाही.

आम्ही दोघंही मूळचे विदर्भातले. तो भंडाऱ्याकडचा, मी गोंदियाच्या अलीकडचा. एकाच वर्षी रुजू झालो. आमचं कॉलेज लहान. विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारे. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतले, बिरसा-बैहरच्या कचेऱ्यांतले, दिवसभर काम करून बसनं येणारे. त्यांना पदवी हवी असायची, आणि ती लवकर हवी असायची. आम्ही बाकीचे शिक्षक त्यांना तेच देत होतो. वर्गात कलम सांगायचं, त्याखाली खटल्याचं नाव सांगायचं, एका ओळीत निकाल सांगायचा. ती ओळसुद्धा बाजारातल्या गाइडमधली. मुलं उतरवून घेत आणि पास होत. ग्रंथालय वरच्या मजल्यावर होतं. तिथं लॉ रिपोर्टचे खंड भिंतीभर लावलेले होते, म्हणजे वरच्या कोर्टांचे छापील निकाल. पावसाळ्यात त्यांना बुरशीचा वास यायचा. आम्ही शिक्षक तिथं जायचो ते आपला निबंध लिहायचा असला तरच. बढतीला निबंध लागत. वर्गाचा आणि ग्रंथालयाचा काही संबंध असतो, असं आमच्या मनातही येत नसे.

दिनकर पहिल्याच महिन्यात अख्खा वर्ग घेऊन वर गेला. ग्रंथपाल घाबरले. त्यांना वाटलं, मोर्चा आला. त्यानं खंड काढून टेबलांवर मांडले, दोघा-दोघांत एक, आणि म्हणाला, पूर्ण निकाल वाचा. मुलं कुरकुरली. सुरुवातीला संपादकानं सारांश छापलेला असतोच, हेडनोट म्हणतात तिला. ती असताना पुढची पन्नास पानं कशाला? दिनकर म्हणायचा, हेडनोट म्हणजे लग्नपत्रिका, तिच्यात भांडणं छापत नाहीत. मी तेव्हा स्टाफरूममध्ये त्याची थट्टा करायचो. "का गा दिनकर, लायब्ररीत पोरं झोपवून राह्यला काय?" तो म्हणायचा, "तुझ्या वर्गात बसून झोपतात, माझ्या वर्गात पुस्तकावर डोकं ठेवून झोपतात. तेवढा तरी फरक पडला."

निबंध मात्र आम्ही जोडीनं लिहायचो. आमची एक पद्धत होती, त्यानंच घातलेली. निबंधात कुठल्याही निकालातलं वाक्य घेतलं की शेवटी मेळवणी करायची. एकानं खंड उघडून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आपला मजकूर समोर धरून बोट फिरवायचं. वाचणाऱ्यानं वाक्य जिथं आहे तिथून सुरू करायचं नाही, त्या भागाच्या आरंभापासून सुरू करायचं. मला याचा कंटाळा यायचा. दिनकरचा आवाज जड होता आणि तो स्वल्पविरामसुद्धा वाचायचा. ग्रंथपाल खोकून आठवण द्यायचे की ही वाचायची जागा आहे, ऐकायची नाही.

जबलपूरचा निबंध आदिवासींच्या जमिनीवर होता. गोंड-बैगा कुटुंबांच्या जमिनी सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्यांच्या हाती जातात आणि मग मागून कागद जुळवले जातात. हे दिनकरनं बैहरकडच्या गावांतून हिंडून पाहिलं होतं. विषय त्याचा, मांडणी त्याची. माझं काम जुने निकाल शोधायचं. निबंध जवळजवळ तयार झाला आणि दिनकरची आई गोंदियाला दवाखान्यात भरती झाली. तो जाताना म्हणाला, "मेळवणी तेवढी राह्यली. कोनाले तरी बसवजो समोर." मी हौ म्हणालो. कुणालाही बसवलं नाही. एका जुन्या खटल्यात मला एक वाक्य सापडलं होतं. परवानगी नसलेला व्यवहार झालाच नाही असं धरलं पाहिजे, अशा आशयाचं. इतकं ठाम, इतकं नेमकं, की निबंधाचा कणाच होऊन बसलं. मी खंड तपासला, पान तपासलं, शब्दन् शब्द तपासला. मागचं पान उलटलं नाही.

वकील नसलेल्या वाचकांना सांगतो. जुन्या लॉ रिपोर्टांत निकालाच्या आधी दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवादही छापलेले असत, त्याच टायपात, त्याच रुंदीत. कोर्टाचं बोलणं त्यांच्यानंतर सुरू होई. मी उतरवलेलं वाक्य एका वकिलाचं होतं. तो आपल्या अशिलासाठी मागणं मागत होता. कोर्टानं ते मान्य केलं नव्हतं, प्रकरण नुसतं खाली परत पाठवलं होतं. मागचं पान उलटलं असतं तर इथून वकिलाचं बोलणं सुरू होतं, असं वर लिहिलेलंच होतं.

जबलपूरच्या चर्चासत्रात निबंध दिनकरनं वाचला. त्याचं नाव पहिलं होतं. मी खाली श्रोत्यांत होतो. वाचून झालं, टाळ्या झाल्या, आणि मागून एक वयस्क प्राध्यापक उठले. अगदी शांतपणे म्हणाले, "भाई साहब, जिस वाक्य पर आपने पूरा मकान खड़ा किया है, वह तो वकील साहब का है. अदालत ने तो उसे माना ही नहीं था." आधी कुणाला कळलं नाही, मग हसण्याची लाट आली. दिनकरनं कागद खाली ठेवला. त्यानं श्रोत्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. म्हणाला, "जी. देखने में चूक हुई. मुझसे हुई." मी उठायला हवं होतं. दोन खुर्च्यांमधली जागा अरुंद होती, मांडीवर पिशवी होती... असल्या गोष्टी मला अजून आठवतात, जणू त्यांनीच मला अडवलं.

तेव्हा जबलपूरला छोटी लाइन होती, नॅरोगेजची. परतताना डब्यात आम्ही समोरासमोर बसलो. नैनपूर स्टेशन येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. मग मी म्हणालो, "दिनकर, ते वाक्य..."

"हौ, मले माहीत आहे." त्यानं चण्यांचा पुडा पुढे केला. "घे."

"तू काहून सांगतलं नाही तिथं?"

"नाव कोनाचं पहिलं होतं? माझं. मी पाहाले पाहिजे होतं." मग म्हणाला, "तू सांगशील वाटलं होतं मले. नाही सांगतलं, बरं. आता चने खा, थंडे होऊन राह्यले."

थंड होण्यासारखे ते चणे नव्हतेच, पण मी खाल्ले. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

इथपर्यंत ही भित्रेपणाची गोष्ट आहे. पुढची तशी नाही. काही काळानं प्राचार्याची जागा निघाली. अर्ज आम्ही दोघांनीही केले होते. सगळे धरून चालले होते की ती दिनकरला मिळणार, मीसुद्धा. मुलाखतीत समितीतल्या एकांनी जबलपूरचा विषय काढला. त्यांना निबंधावर दोन नावं असल्याचं ठाऊक होतं. त्यांनी मला सरळ विचारलं, मूळ निकाल बघण्याचं काम कुणाकडे होतं? मी म्हणालो, "ते रामटेकेंकडे होतं." पाणी पिण्याइतकं सहज म्हणालो. इथं मी गप्प राहिलो नाही, बोललो. जागा मला मिळाली. ही गोष्ट दिनकरला कधी कळली का, मला ठाऊक नाही. यादी लागली त्या दिवशी तो पेढे घेऊन माझ्या खोलीत आला. पेढे त्यानं आणले, मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही एकत्र काही लिहिलं नाही. त्याची शिकवण्याची रीत मात्र जबलपूरनंतर लगेच बदलली होती. ग्रंथालयात वर्ग बसला की तो कुणालाही उठवायचा, पानावर मध्येच कुठंतरी बोट ठेवायचा आणि विचारायचा, "यहाँ बोल कौन रहा है?"

"सर, कोर्ट."

"कौन-सा कोर्ट? नीचे वाला, जिसका फैसला पलटने वाला है? कि ऊपर वाला?"

"सर... ऊपर वाला."

"ऊपर वाला तो सबका एक है बेटा, मैं जज साहब का पूछ रहा हूँ."

खाणीत डंपर चालवणारा एक विद्यार्थी एकदा वैतागून म्हणाला, "सर, किताब बोल रही है, और कौन!" दिनकर इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाला, यानं खरं उत्तर दिलं, आपल्याला तसंच वाटतं, म्हणूनच फसतो. तो डंपरवाला आज चांगला वकील आहे. समोरचा वकील निकाल वाचायला लागला की तोही हाच प्रश्न विचारतो म्हणे. साऱ्या जिल्ह्यातल्या कोर्टांत अशी माणसं पसरली आहेत. ती सगळी समजतात की सर आपल्या चुकीतून हे शिकले. ते माझ्या चुकीतून शिकले. मी तिच्यातून काय शिकलो, ते सांगण्यासारखं नाही.

पुढे कॉलेजनं निकालांचं ऑनलाइन भांडार घेतलं. नव्या लोकांचा समज आहे की रामटेके सर संगणकाच्या विरुद्ध होते. हेही खोटं आहे, तेही दुरुस्त करतो. ते भांडार सगळ्यांत जास्त त्यानंच वापरलं. लॉगिन एकच होतं आणि पासवर्ड माझ्या खोलीत. रोज सकाळी दारात उभा राहून म्हणायचा, "राजा, चाबी दे." मी म्हणायचो, लिहून घे ना एकदाचा. तो म्हणायचा, "लिहून घेतला त मग तुझ्याकडे कायले येईन?" मी याला थट्टा समजत आलो. आता घरात बसून त्या वाक्याकडे पाहतो तेव्हा वाटतं, तो रोज मला एक संधी देत होता. कदाचित मी आता हे उगाच लावून घेतो आहे... माणूस गेल्यावर त्याच्या साध्या बोलण्यालाही आपण साक्षीला उभं करतो. त्याची तक्रार एवढीच होती की पडद्यावर शोधलेला शब्द पिवळा होऊन येतो आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं अंधारात जातं. म्हणून तो मुलांना आधी पडद्यावर शोधायला लावायचा आणि मग वरच्या मजल्यावर खंड काढायला लावायचा. दोन्ही. नुसतं एक नाही.

शेवटची भेट दिवाळीच्या आधी झाली. तो बऱ्याच वर्षांनी आपणहून माझ्या घरी आला, हातात कागद. माझी बायको जाऊन काही वर्षं झाली आहेत. चहा मीच केला. साखर जास्त झाली हेही त्यानं सांगितलं नाही, निमूट प्यायला. निवृत्तीनंतरही तो ग्रंथालयात जाऊन मुलांना शिकवत असे. एका मुलीनं मोबाईलमधल्या एआयला विचारून एक निकाल आणला होता. नाव, साल, न्यायमूर्ती, उतारा, सगळं झोकात. दिनकरनं तो पडद्यावर शोधला, खंडांत शोधला, जबलपूरच्या एका वकिलाला फोन करून विचारलं. "नारायण," तो म्हणाला, "मेलेल्या मानसाचा पत्ता तरी सापडते. हा निकाल त जन्मलाच नाही!" आणि लहान मुलासारखा हसला. "आता इथं कोन बोलून राह्यलं, ते मी कसं इचारू? कोनीच नाही बोलून राह्यलं. नुसतं बोलनं आहे." हसू ओसरल्यावर त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "आपली चूक बरी होती. तिथं निदान एक वकील तरी होता." तो 'आपली' म्हणाला. मी ऐकलं. ओठावर आलं होतं, समितीचंसुद्धा. पण बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न दिला आणि तो उठला. मी त्याला फाटकापर्यंत सोडलं आणि म्हणालो, पुढच्या वेळी साखर कमी घालीन.

हा मजकूर इथवर लिहून मी वर्तमानपत्राला पाठवणार होतो. मग वाटलं, आधी दिनकरच्या बायकोला, शालूवहिनींना वाचून दाखवावा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वाचता येत नाही. दुपारी गेलो. त्या पलंगावर बसल्या, मी समोर खुर्चीत. मी थांबत थांबत वाचलं. डंपरवाल्याच्या गोष्टीला त्या हसल्या. समितीच्या प्रसंगापर्यंत आलो तेव्हा मला वाटलं होतं त्या थांबवतील, पण त्यांनी पूर्ण ऐकलं. माझ्या मनात एक चित्र होतं, खरं सांगतो. त्या म्हणतील, भाऊजी, त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी केव्हाच माफ केलं होतं. मी त्यासाठीच गेलो होतो.

त्या म्हणाल्या, "मले काहीच माहीत नव्हतं."

मी कागद जुळवत बसलो.

"ते प्राचार्य नाही झाले, तवा मी त्याइले लय बोलली होती भाऊजी. जेवता-जेवता. म्हनलं, तुमचं ध्यानच नसते कुठं. एक पान पाहता येत नाही तुमाले, अन् पोरायले शिकवता. दुसरे पुढं चालले गेले, तुमी बसा पुस्तकं चाटत." त्या खिडकीकडे पाहत बोलत होत्या. "ते हात धुवून उठले. एक शब्द नाही बोलले. मी त्यानंतरबी बोलली. किती वर्षं बोलत राह्यली."

"वहिनी, चूक माझी..."

"हौ, तुमची. ते तुमी लिहिलं. आता पेपरात येईन, तुमचं मन हलकं होईन." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी जे बोलली, ते कोनत्या पेपरात छापू? कोनाले वाचून दाखवू?"

 मी विचारलं, "छापू का मग?"

"छापा. पुस्तकातबी तो लेख टाकाले लावा, अन् वाक्य कोनं उतरवलं ते खाली लिहा. तेवढं करा." त्या भिंतीला धरत उठल्या. "पेपर घरी नका आनू. मी कोनाकडून वाचून घेईन. आता जा तुमी."

त्या दिनकरच्या खोलीत गेल्या आणि दार आतून लावून घेतलं. मी ओसरीवर चपला घालून उभा राहिलो. त्या घरी आलेल्याला कुणी चहाशिवाय जाऊ देत नाही, म्हणून सवयीनं उभा राहिलो असेन.  मग मी फाटक लावलं आणि संग्रहाच्या कामासाठी कॉलेजच्या रस्त्याला लागलो.